गाडीशिवाय समुद्रावर

समुद्रावर जायचं म्हणजे स्वतःची गाडी हवीच, असं या शहरानं परस्पर ठरवून टाकलंय. ज्याच्याकडे गाडी नाही त्यानं समुद्र कॅलेंडरवर बघावा. चालणाऱ्यासाठी फूटपाथ नाही, पण चाकांसाठी चार-चार मजली वाहनतळ. कडकबाईचं डोकं या गोष्टीवरून कितीदा तापायचं. पण या खेपेला ती गाडीशिवाय समुद्रावर निघाली होती, त्यामागचं कारण रागाचं नव्हतं. भीतीचं होतं. आणि ते तिनं लेकीशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं.

कडकबाई हे तिचं खरं नाव नव्हे, ते धुलाई खात्यानं दिलेलं. एका बड्या हॉटेलच्या तळघरात ती चादरींच्या रोलरवर काम करायची. ओली चादर एका बाजूनं आत, वाफ वर छताला, आणि दुसऱ्या बाजूनं चादर कागदासारखी सपाट. कांजी कमी पडलेली चादर ती पुढे सरकू द्यायची नाही. साहेबानं आवाज चढवला तर तोही चढू द्यायची नाही. "चादरीपेक्षा बाई कडक," असं कुणीतरी म्हणालं आणि ते चिकटलं. तिला ते नाव मनातून आवडायचं.

रोलरच्या दुसऱ्या टोकाला घडीवाली असायची, तिची इतक्या वर्षांची जोडीदारीण. दोघी चादरीची टोकं धरून एकमेकींकडे चालत यायच्या, घडी घालायच्या, पुन्हा मागे सरायच्या. बोलणं त्याच तालात चालायचं.

"सुट्टी मागितलीस म्हणे? सूर्य कुठे उगवला आज?"

"दोन दिवस समुद्रावर चाललोय. मी आणि हे."

"अगं बाई, हनिमून! आणि कुणाच्या गाडीतून?"

"कुणाच्याच नाही. रेल्वे, मग बस."

घडीवालीच्या हातातलं टोक सुटता सुटता राहिलं. "ड्रायव्हरची बायको ना तू? घरात उस्ताद बसलेत आणि तू तिकिटं काढणार? हसतील लोक."

"हसू देत. माणसानं निवृत्त झाल्यावरही गाडीच हाकायची का? त्यांनी खिडकीत बसून बाहेर बघावं, एवढंच माझं म्हणणं आहे."

"आणि ते ऐकतील?"

कडकबाई पुढची चादर ओढायला वळली. वाफ मध्ये आली म्हणून बरं झालं.

उस्ताद म्हणजे तिचा नवरा. जन्मभर त्यानं बस चालवली, आणि पुढे पुढे नव्या पोरांना चालवायला शिकवलं. शहरातले निम्मे ड्रायव्हर त्याच्या हाताखालून गेलेले. तो डेपोत शिरला की चहाचे कप खाली ठेवून माणसं उठून उभी राहायची. पगार कुणाचाही डोळ्यात भरेल असा नव्हता, पण हे उभं राहणं होतं. घर त्यावर चाललं, लेकीचं लग्न त्यावर झालं, आणि कडकबाईची मानही त्यावरच ताठ होती.

विसरणं सुरू झालं ते अगदी हसण्यावारी नेण्यासारखं. चष्मा फ्रीजमध्ये. मग शेजाऱ्याचं नाव. मग एकदा त्यानं आंघोळीला जाताना तिला विचारलं, "अगं, तुझी आई उठली का?" तिची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. कडकबाई म्हणाली, "उठली." दुसरं काय म्हणणार?

मग तो दिवस. घरची जुनी छोटी गाडी घेऊन तो भाजी आणायला गेला आणि दुपार झाली तरी आला नाही. गाडी सापडली एका शाळेच्या कुंपणाला टेकलेली, पुढचा दिवा फुटलेला. तो शांतपणे आत बसून होता. म्हणाला, "प्रवासी चढतायत, थांब." शाळेला त्या दिवशी सुट्टी होती. नसती तर, हा विचार कडकबाई पुरा करतच नाही. आजही अर्ध्यात सोडून देते.

डॉक्टरीणबाईनं स्पष्ट सांगितलं. "त्यांच्या हातांना सगळं येतं. गिअर, ब्रेक, वळण, सगळं. म्हणूनच धोका जास्त. हात चालवतील आणि डोकं भलत्याच काळात असेल. स्टेअरिंगला हात लावू द्यायचा नाही. एकदाही नाही." आणि फाईल मिटताना म्हणाली, "कुठे न्यायचंय, काही दाखवायचंय, तर उशीर करू नका."

कडकबाईनं त्याच आठवड्यात गाडी विकली. लोकांना सांगितलं, ठेवायला जागा मिळत नाही. बिल्डिंगच्या बैठकीत तर तिनं धुरावर आणि गाड्यांच्या माजावर असं काही भाषण ठोकलं की दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या. गंमत अशी की त्यातला शब्द न् शब्द खरा होता. कारण तेवढं खोटं. डेपोतून कुणी भेटायला येतो म्हणालं की ती फोनवरच सांगायची, त्यांचे गुडघे धरलेत, झोपलेत. गुडघ्यांना लाज नसते. डोक्याला असते.

आणि समुद्र कशासाठी? उस्तादानं कितीतरी वर्षं समुद्राची फेरी केली होती. शेवटचा थांबा वाळूला लागून. पण तिथे बस वळवायची, चहाचा घोट घ्यायचा आणि निघायचं. एवढ्या वर्षांत त्याचा पाय कधी पाण्याला लागला नाही. आणि तिनं तर समुद्र पाहिलाच नव्हता, रोलर सोडून जाणार कधी? "एकदा दोघं निवांत जाऊ," हे वाक्य त्यांच्या घरात इतकं जुनं झालं होतं की त्यावर धूळ बसली होती. आता ती झटकायची तर लगेच. त्याला ती ओळखू येतेय तोवर.

तिनं बेत आखला तो चादर तपासावी तसा, इंच इंच उजेडात धरून. गर्दीची गाडी नको. स्टेशन असं हवं की जिथे जिना नाही, जिन्यावर हात सुटतो. जिथे बाहेर टॅक्सीवाले किल्ल्या खुळखुळवत उभे असतात ते दार टाळायचं, पलीकडच्या दारानं बाहेर पडायचं. राहायची जागाही तिनं तशीच शोधली. खोल्या देणाऱ्या बाईला फोनवर पहिलाच प्रश्न, "तुमच्याकडे गाड्या येतात का?"

"नाही हो," ती बाई ओशाळून म्हणाली. "रस्ताच नाही, नुसती वाळू. सामान हातगाडीवरून आणावं लागतं. लोक कुरकुरतात, पण काय करणार?"

"कुरकुरू देत. खोली ठेवा."

एकच जागा अशी होती जिथे तिचं काही चालत नव्हतं. रेल्वे किनाऱ्यापर्यंत जात नव्हती. शेवटचा तुकडा बसनंच जावं लागणार होतं. बसमध्ये तो प्रवासी असेल, तिकीट काढून बसेल, मग काय होणार? असं ती स्वतःला सांगायची. सांगून झालं की पुन्हा सांगायची.

निघण्याच्या आदल्या दिवशी लेक मदतीला आली आणि बॅग भरता भरता थबकली. बापाच्या शर्टाची कॉलर उलटी करून ती बघत राहिली. आत पांढरी कापडी पट्टी शिवलेली, तिच्यावर लाल दोऱ्यानं आईचा फोन नंबर. हॉटेलात पाहुण्यांचे कपडे हरवू नयेत म्हणून धुलाई खात्यात अशीच खुणेची पट्टी लावतात.

"आई, हे काय आहे? बाबा काय टॉवेल आहेत?"

"टॉवेल हरवला तर हॉटेल दुसरा आणतं," कडकबाई म्हणाली. "ठेव तो शर्ट."

लेकीचे डोळे भरले, पण जीभ आईचीच होती. "एवढं कळतंय तर नेतेस कशाला? आणि न्यायचंच तर आम्ही नेतो ना गाडीनं."

"जावईबापू गाडी चालवणार, आणि वाटेत उतरले की किल्ली कुठे ठेवणार? तोंडात?"

"मग निदान डेपोत कुणाला तरी सांगून ठेव. त्या रस्त्यावर सगळे बाबांचेच लोक आहेत. कुणी लक्ष ठेवेल."

"खबरदार." कडकबाईचा आवाज इतका खाली गेला की लेक घाबरली. वर गेला असता तर घाबरली नसती. "ते आत गेले की डेपो उठून उभा राहतो. तो मी माझ्या तोंडानं खाली बसवू? एवढंच उरलंय त्यांच्याकडे. ते मी नाही काढून घेणार."

आतल्या खोलीत उस्ताद खुर्चीवर बसून खिडकीबाहेर बघत होता. समोर भिंत होती. त्याचा डावा पाय जमिनीवर दाबला जात होता आणि सुटत होता. दाबला जात होता आणि सुटत होता. क्लचचा पाय. दोघी मायलेकी दारात उभ्या राहून बघत राहिल्या. 

"उद्या समुद्रावर जायचंय ना?" तो न वळता म्हणाला. "गाडी मी काढतो."

रेल्वेचा प्रवास मात्र दृष्ट लागावी असा झाला. खिडकी मिळाली, वारा मिळाला. उस्ताद स्टेशनांच्या पाट्या मोठ्यानं वाचत होता, डब्यातली अंडी सोलून तिला देत होता, समोरच्या म्हाताऱ्याला जुन्या फेऱ्यांच्या गोष्टी सांगून हसत होता. जुनं सगळं त्याला लख्ख होतं. कडकबाईला क्षणभर वाटलं, डॉक्टरीणबाई चुकली असेल. डॉक्टरही चुकतात. आणि असं वाटताक्षणी तिनं मांडीवरची बॅग घट्ट धरली, कारण सुख तिला नेहमी कुणाच्या तरी विसरलेल्या छत्रीसारखं वाटायचं. आता कुणी येऊन मागेल.

स्टेशनबाहेर समुद्राची बस उभी होती. आत चढली आणि कडकबाई सवयीनं पुढच्याच सीटवर बसली, ड्रायव्हरच्या पाठीमागे. ड्रायव्हरांच्या घरची माणसं तिथेच बसतात, आपल्या माणसाच्या आरशात. लग्न झाल्यापासून ती दुसरीकडे कुठे बसलीच नव्हती. टॅक्सीवाल्यांचं दार टाळणारी, जिन्यांचा हिशेब करणारी बाई, आणि तिच्या ध्यानात आलं नाही की आज जागा शेवटची हवी होती.

ड्रायव्हर चढला, आरसा नीट करायला गेला आणि आरशातच थिजला.

"उस्ताद?"

तो वळला. पोट सुटलेला, हसऱ्या तोंडाचा, पन्नाशीकडे झुकलेला माणूस. उस्तादाचा चेला. वाकून पायाच पडला.

"ओळखलंत का?"

कडकबाई मध्ये बोलायला पुढे सरकली. पण उस्ताद मिस्कील हसला. "तुला विसरेन? रिव्हर्स घेताना माझी डेपोची भिंत पाडलीस तू."

सगळी बस हसली. चेल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "बघा वहिनी! लोक म्हणतात, गुडघे गेले, उस्ताद बाहेर पडत नाहीत. डोकं बघा कसलं तल्लख!"

"हो ना," कडकबाई म्हणाली. त्या दोन शब्दांचं ओझं तिला तेव्हा कळलं नाही.

स्टेशनच्या गावाची शेवटची घरं मागे पडली. आभाळ करडं झालं, वाऱ्याला खारा वास यायला लागला. रस्त्यावर ठिकठिकाणी वाळू चढली होती. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता, कुणी लांब जड काहीतरी ओढत न्यावं तसा. रस्ता मोकळा झाला आणि चेल्यानं बस कडेला घेऊन थांबवली. कडकबाईला त्याच क्षणी कळलं काय होणार ते.

डेपोची एक रीत होती. कायद्यात ती बसत नव्हती, पण माणसांत बसायची. आपला उस्ताद निवृत्तीनंतर गाडीत भेटला, की मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ त्याच्या हातात स्टेअरिंग द्यायचं. न देणं म्हणजे त्याचा अपमान. आणि दिलेलं नाकारणं म्हणजे, आता माझ्यात राम नाही असं त्यानं चारचौघांत कबूल करणं.

चेला उठून बाजूला झाला. सीटवर रुमाल फिरवून म्हणाला, "या उस्ताद. तुमचीच आहे."

"अहो, गुडघे," कडकबाई घाईनं म्हणाली.

"गुडघ्यांना काय धाड भरलीय?" उस्ताद उठलासुद्धा. त्याचं तोंड असं उजळलं होतं की तिनं ते तसं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

"एवढंच, उस्ताद," चेला म्हणाला, "पुढे फाट्यावर उजवीकडे वर घ्या. नवा रस्ता झालाय. सरळ जाणारा जुना रस्ता समुद्रानं खाल्ला गेल्या वर्षी."

"माहितीये रे. मला शिकवतोस?"

आता बोलायचं होतं. एक वाक्य. ते तिच्या दातांपर्यंत आलं होतं. पण बसमधली माणसं कौतुकानं बघत होती, कंडक्टर टोपी काढून उभा होता, आणि उस्तादानं पहिला गिअर इतका अलगद टाकला की कुणाच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणीही हललं नाही. कुणीतरी "वा!" म्हणालं. तिनं तोंड मिटलं. फाट्यापर्यंत बघू. फाट्यावर चेला आहेच.

चेला पाठ फिरवून प्रवाशांकडे तोंड करून उभा राहिला आणि उस्तादाच्या गोष्टी सांगायला लागला. घाटात ब्रेक गेला तेव्हा उस्तादानं गाडी कशी थांबवली वगैरे. बस हसत होती. कडकबाई एकटीच आरशात बघत होती. आरशात नवऱ्याचे डोळे दिसत होते, शांत, प्रसन्न, तिशीतल्या माणसाचे. ते डोळे आजच्या रस्त्यावर नव्हतेच.

फाटा दिसला. उजवीकडे वळायचं तर आधी इंडिकेटर लागायला हवा. तिनं बोटाकडे पाहिलं. बोट हललं नाही. बसचा वेगही उतरला नाही. समोर जुना रस्ता सरळ जात होता, तो बंद करायला आडवी लावलेली रिकामी पिंपं वाऱ्यानं लोळत कडेला गेलेली, दोरी तुटून जमिनीवर. बस आरामात जाईल एवढी जागा होती. आणि पलीकडे डांबर होतं, थोडं डांबर, आणि मग नुसतं आभाळ.

"थांबवा!" कडकबाई उठून ओरडली. "घ्या त्यांच्याकडून! त्यांना काही आठवत नाही! रोगच आहे तो, डॉक्टरांनी सांगितलंय, गाडी द्यायची नाही म्हणून! वेड्यांनो, त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही!"

ब्रेक लागला. चेल्याचा हात तिथवर पोचायच्या आत लागला, उस्तादाच्याच पायानं. माणसं पुढच्या सीटवर आपटली, कुणाचं मूल रडायला लागलं. एक पिंप चाकाचा धक्का खाऊन खडखडत पुढे गेलं, कडेवरून खाली गेलं, आणि ते पडल्याचा आवाज यायला वेळ लागला.



उस्तादानं हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. आरसा पुन्हा चेल्याच्या उंचीला करून ठेवला. शिकवलेलं सगळं त्यानं एकेक करून बरोबर केलं. मग तो उठला, बायकोच्या बाजूनं तिच्याकडे न बघता गेला आणि अगदी मागच्या सीटवर जाऊन बसला. प्रवासी पाय आखडून वाट देत होते. मघाशी कौतुकानं बघणारी एक बाई आपल्या मुलाला खिडकीकडे ओढून घेत होती.

चेल्यानं बस मागे घेतली.  "वहिनी," तो एवढंच म्हणाला, "एक शब्द आधी बोलला असतात."

 कडकबाई खाली पडलेली बॅग उचलायला वाकली.

शेवटच्या थांब्यावर सगळे घाईनं उतरून गेले. वाळूपलीकडे समुद्र होता, आभाळाच्याच रंगाचा, तिला वाटला होता त्याहून कितीतरी मोठा आणि कितीतरी जवळ. उस्ताद बसच्या आडोशाला उभा होता. ती त्याच्यापाशी गेली. बाही धरायला हात पुढे केला, पण धरली नाही.

"डेपोत सांगितलं होतंस?" त्यानं विचारलं. आवाज साफ होता. नजरही. अगदी आजची.

"नाही. घराबाहेर कुणालाच नाही."

"आता कळेल."

पलीकडे कंडक्टर फोनवर बोलत होता, तोंडावर हात आडवा धरून. ती ऐकू येत नसतानाही ऐकत राहिली. आज संध्याकाळपर्यंत डेपोत, उद्या लेकीच्या सासरी. उस्ताद पुढे कधी डेपोत गेला तर माणसं उठतील, पण खुर्ची पुढे करायला, दंड धरायला.

वाऱ्यानं वाळूचा एक लोट आणला. उस्तादानं डोळे मिटले आणि उघडले. मग त्यानं बसकडे वळून पाहिलं, चाकांकडे पाहिलं आणि त्याच्या चेहऱ्यावर ती ओळखीची, कामावरची घाई आली.

"अगं, बघत काय उभी राहिलीस? पटकन पाय भिजवून ये. गाडी फार वेळ थांबत नाही इथे."

"आपण राहणार आहोत," ती म्हणाली. "दोन दिवस. खोली घेतलीय."

"आणि गाडी कोण नेणार?"

चेला जवळ आला होता. त्यानं उस्तादाकडे पाहिलं नाही, तिच्याशी बोलला, हळू आवाजात, जितकं आदरानं बोलता येईल तितक्या आदरानं. "वहिनी, परवा परतीला याल ना, तेव्हा मागच्या सीटवर बसा. वाईट वाटून घेऊ नका."

"बरं," कडकबाई म्हणाली.

"मागे का?" उस्ताद एकदम ताठ झाला. "माझ्या घरची माणसं पुढे बसतात. कोण आहेस रे तू?"

 चेला बसमध्ये चढला, किल्ली काढली, खिशात घातली आणि खिसा वरून हातानं दाबून धरला.